पाडव्याला रिमोटच्या गाड्यांचे चित्ररथ: गुढी टिकवायची कशी?

प्रश्न: आमच्या डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा १९९९ पासून निघते. यंदा सोसायटीतल्या पोरांना आपल्या रिमोटच्या गाड्यांचे चित्ररथ करून आवारात फिरवायचेत. लेकीने आइस्क्रीमच्या काडीची गुढी केलीय: खणाचा तुकडा, चॉकलेटच्या चांदीचा तांब्या, वर कडुलिंबाची डहाळी. इतकी गोड दिसते! पण वळणावर गाडी कलंडते. त्यात शेजारच्या मुलाने रिमोट दाबला की हिचीही गाडी पळते. उपाय सुचवा.

उत्तर: ताई, गुढी बुटकी करा आणि गाडीच्या मधोमध बसवा. बॅटरीच्या दोन्ही बाजूंना एकेक नट टेपने चिकटवा, वजन खाली आलं की गाडी तोल धरते. सजावटीला कार्डशीट घ्या. झेंडूच्या माळा चाकांजवळ अजिबात नकोत. दोरा आसात गुंडाळला की मोटर अडते आणि तापते. आमच्या भाच्याच्या गाडीला जळका वास यायला लागला होता.

उत्तर: दोन्ही गाड्या एकाच रेडिओ लहरीवर, बहुधा २७ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या असणार, म्हणून एका रिमोटने दोन्ही पळतात. खाली स्टिकर बघा. तशा एका वेळी एकच सोडा. २.४ गिगाहर्ट्झवाल्या आपापल्याच रिमोटचं ऐकतात, त्या सगळ्या एकदम निघू द्या. आणि गेटपाशी खऱ्या गाड्यांची ये-जा बंद ठेवायला वॉचमनकाकांना आधीच सांगा, हे सर्वांत महत्त्वाचं.

प्रश्नकर्ती: स्टिकर पाहिला, दोन्ही २७च! मग आधी आमची गुढी, ती थांबली की त्याची लेझीमवाली गाडी. नट आज संध्याकाळी लावते.