उंदराच्या पुस्तकावरच्या पट्ट्या: पान ११ अडलंय, शनिवारपर्यंत उत्तर हवं

प्रेषक: लहान गटाची ताई
शुक्रवार, सकाळ

नमस्कार मंडळी,

रविवारी मुलांसोबत उंदराचंच पुस्तक घेतेय, ते बिनशब्दांचं. चित्रांखाली लावायच्या वाक्यांच्या पट्ट्या छापून कापून झाल्या, फक्त पान ११ अडलंय. मागच्या वेळी सगळं वर्तमानकाळात लिहिलं होतं, त्यावरून जे झालं ते पुन्हा उगाळायला नको. या वेळी ठरल्याप्रमाणे भूतकाळ.

पान ३: उंदराने छत्री उचलली.
पान ५: वाऱ्याने छत्री ओढली.
पान ८: मांजरीने टोपी पकडली.
पान ११: उंदराने छत्री विसरली? की उंदीर छत्री विसरला?

कानाला दुसरंच बरोबर वाटतं. पण दहा पानं ‘ने, ने’ घोकून घ्यायचं आणि अकराव्या पानावर ते मोडायचं, हे साडेचार वर्षांच्या मुलांना कसं पटवू? ते पान सरळ गाळू का? शनिवारी दुपारी चिकटवायला बसणार आहे.

---

प्रेषक: ग्रंथपेटीवाले काका

ताई, चिकटवायला म्हणजे गोंदाने? कृपा करून नको. हत्तीच्या पुस्तकाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. पट्टी काढताना हत्तीची सोंड पट्टीबरोबर आली आणि ते पुस्तक आता कुणाला देता येत नाही. पेटीतल्या पुस्तकावर काहीही लावायच्या आधी मला विचारायचं, हे त्याच वेळी ठरलं होतं.

माझ्याकडे पारदर्शक पाकिटं आहेत. पानाच्या खालच्या कडेला क्लिपने अडकवता येतात, पट्टी आत सरकवायची. किती हवीत ते कळवा.

आणि पान ११ गाळू नका. १२व्या पानावर मांजर छत्रीखाली झोपलंय. छत्री तिथे आली कुठून, हे ११शिवाय कळणारच नाही.

---

प्रेषक: माई

अगं, उंदीर छत्री विसरला. यात दुमत नाही.

उचलणे, ओढणे, पकडणे, फेकणे, वाचणे या सकर्मक क्रियापदांना भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं. छत्री म्हणून उचलली, चेंडू असता तर उचलला, पुस्तक असतं तर उचललं. पण काही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याचीच साथ सोडत नाहीत. तो पाणी प्यायला, ती पोहणं शिकली, तो वाट चुकला, ती छत्री विसरली. जिंकणे-हरणे यांचंही पुष्कळदा तसंच. शाळेत मुलांना मी ही यादी कधीच पाठ करायला दिली नाही. पाठ केलेली यादी बोलताना वेळेवर आठवत नाही.

तुझ्या अडचणीचा उपाय प्रश्नातच आहे. ‘छत्री कोणी ओढली?’ असं विचारलंस की मूल ‘वाऱ्याने’ म्हणेल. ‘छत्री कोण विसरलं?’ असं विचारलंस की ‘उंदीर’ म्हणेल. ‘कोणी’ आणि ‘कोण’ यांतच सगळं आलं. तू प्रश्न बरोबर विचार, उत्तरातला ‘ने’ आपोआप लागेल किंवा गळेल. नियम मोडल्याचं मुलांच्या लक्षातही येणार नाही, कारण नियम त्यांना सांगितलेलाच नसेल.

---

प्रेषक: दोन मुलांचा बाबा

माईंच्या मेलवरून आमच्या घरातलं सांगतो. मुलगी ६ वर्षांची, मुलगा ८चा. मुलगी म्हणते ‘मी चित्र काढले’ आणि मुलगा म्हणतो ‘मी चित्र काढलो’. दोघांनाही आम्ही दोन वर्षं ‘काढलं, काढलं’ म्हणून टोकतोय. काडीचाही फरक नाही.

काल रात्री लक्ष देऊन ऐकलं तेव्हा कारण सापडलं. मुलांच्या कानावर दिवसभर काय पडतं? आई: मी आले, मी बसले, मी दमले. बाबा: मी आलो, मी बसलो, मी दमलो. बोलणारी बाई तर असं, बोलणारा पुरुष तर तसं, एवढं त्यांनी पक्कं टिपलं आणि तेच चित्रालाही लावलं. शिवाय ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागतच नाही, त्यामुळे इथे काही वेगळं चाललंय याची खूणच त्यांना मिळत नाही. ती खूण ‘तिने’, ‘त्याने’, ‘उंदराने’ यांतच दिसते. घरात तर आम्ही चौघं एकमेकांशी मी-तू मध्येच बोलतो. तिसऱ्या कुणाबद्दल बोलायची वेळ येते ती पुस्तक उघडल्यावर.

म्हणून ताई, उंदीर-वारा-मांजर हे पुस्तक मला फार मोलाचं वाटतं. पान ११ ठेवाच.

---

प्रेषक: मोठ्या गटाची ताई

दोन गोष्टी.

एक, भूतकाळ आणि विभक्ती मोठ्या गटाच्या आखणीत आहेत. लहान गटात नामं, रंग, क्रिया एवढंच ठरलं होतं. आधीच सगळं झालं तर माझ्याकडे येणारी मुलं ‘हे पुस्तक झालंय आमचं’ म्हणून बसतात. याचा कधीतरी एकत्र विचार व्हायला हवा.

दोन, पट्ट्याच नकोत. हे पुस्तक शब्दांशिवायचं आहे म्हणूनच आपण निवडलं होतं. चित्रात उंदीर छत्री उचलताना दिसतो. मूल चित्राकडे बघून ‘उचलतोय’च म्हणणार, कारण त्याच्या डोळ्यांसमोर तो उचलतोयच. खाली पट्टीवर ‘उचलली’ लिहून काय होणार? चित्र समोर उघडं असताना मुलाला भूतकाळाची गरजच पडत नाही.

मी करते ते असं. पान उघडं असताना: काय चाललंय? उलटायच्या आधी, कोपरा हातात धरून: आता काय होईल? आणि उलटल्यावर, मागचं पान दिसत नसताना: मघाशी काय झालं? तिसऱ्या प्रश्नाला मुलं क्षणभर थांबतात, वर बघतात आणि मग ‘वाऱ्याने ओढली’ येतं. पानाच्या एका उलटण्यात तिन्ही काळ येऊन जातात. पट्टी लावली की मोठी माणसं पट्टी वाचतात आणि मूल गप्प होतं.

मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांचा १९८८चा प्रयोग मी पालकसभेत सांगितला होता. २१ ते ३५ महिन्यांची मुलं, दोन्ही गटांतले पालक साधारण सारखंच वाचून दाखवत होते. फरक एवढाच की एका गटातल्या पालकांना मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचं अर्धं वाक्य वाढवून परत द्यायला शिकवलं होतं. महिन्याभरात ती मुलं बोलण्यात पुढे गेली.

---

प्रेषक: अण्णा

पट्ट्यांच्या बाजूने माझं मत. १६५८ साली कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने मुलांसाठी सचित्र पुस्तक काढलं तेव्हा चित्रातल्या वस्तूंना आकडे दिले आणि तेच आकडे लॅटिन आणि जर्मन मजकुरात दिले. मूल आकडा बघून शब्द शोधणार. आपल्यालाही चित्रावर छोटे आकडे आणि खाली शब्द देता येतील: १ छत्री, २ मूठ, ३ काडी, ४ बाक, ५ शेपटी. आपल्या मुलांना ‘छत्री’ येतं, पण छत्रीची ‘काडी’ किती जणांना येते?

---

प्रेषक: ग्रंथपेटीवाले काका

अण्णा, चित्रावर आकडे अजिबात नाहीत. पेन्सिलनेही नाहीत.

---

प्रेषक: माई

अण्णा, काडी-मूठ शिकवायला हरकत नाही, पण आकड्याने फक्त नाम मिळतं. ‘विसरला’वर आकडा कुठे टाकाल?

---

प्रेषक: दोन मुलांचा बाबा

काल एक करून पाहिलं. भाषा-अभ्यासक जीन बर्कोने १९५८ साली ४ ते ७ वर्षांच्या मुलांना काल्पनिक प्राण्यांची चित्रं दाखवून व्याकरण तपासलं होतं. प्राण्याचं नाव मुलांनी कधी ऐकलेलंच नसतं, म्हणून उत्तर पाठांतरातून येऊ शकत नाही. मी कागदावर तीन पायांचा एक प्राणी काढला आणि म्हटलं, हा टिमूक. याने काल चेंडू फेकला. चेंडू कोणी फेकला?

मुलगा लगेच: टिमकाने.
मुलगी: टिमूकने.

मग तिलाच बेडकाचं चित्र दाखवलं, तर ‘बेडकाने’ बरोबर! म्हणजे बेडकाने, माणसाने हे शब्द तिने अख्खेच्या अख्खे उचललेत. ‘मधला ऊ गळतो’ हे तिच्या जिभेला अजून उमगलेलं नाही, भावाला उमगलंय. दोन वर्षांचं अंतर एका शब्दात दिसलं. खरं सांगतो, त्याचं ‘टिमकाने’ ऐकून अंगावर काटा आला. हे त्याला आम्ही कुणीच शिकवलेलं नाही.

मोठ्या गटाच्या ताई, तेच पुस्तक पुन्हा आलं तर बिघडत नाही असं मला वाटतं. २०११च्या एका प्रयोगात ३ वर्षांच्या मुलांना नवे शब्द शिकवले होते. वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकलेल्यांपेक्षा त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकणाऱ्यांना ते जास्त आले. आमच्याकडे तर उंदीर रोज रात्री असतो.

---

प्रेषक: मोठ्या गटाची ताई

टिमूक मला हवा आहे. चित्र पाठवा.

पुस्तकाचं म्हणाल तर ३ वर्षांचं मूल वेगळं आणि ८ वर्षांचं वेगळं. पण ठीक आहे, माझ्या गटात तीच गोष्ट मांजराच्या तोंडून सांगायला लावेन. मग ‘मी टोपी पकडली’ येईल आणि ‘मी’ची अडचणही तिथे सुटेल.

जाता जाता, ‘मांजरीने’ की ‘मांजराने’? काकांनी वर ‘झोपलंय’ लिहिलंय. माझ्या घरी ती मांजर, सासरी ते मांजर.

---

प्रेषक: माई

कोशात मांजर नपुंसकलिंगी आहे, बोलण्यात ‘ती मांजर’ही सर्रास चालतं. कुठलंही घ्या, पण घेतलंत की शेवटपर्यंत तेच. ८व्या पानावर मांजरीने आणि १२व्या पानावर झोपलं, असं नको. मुलं लिंग ओळखतात ते अशा जोड्यांवरूनच.

---

प्रेषक: लहान गटाची ताई
शनिवार, दुपार

सगळ्यांचे आभार. गोंद रद्द. पट्ट्या पुस्तकावर लावत नाही, त्यांच्या मागच्या बाजूला माईंचे प्रश्न लिहून माझ्या हातातच ठेवते. पान ११ राहील. मांजर आमच्या गटात ‘ती’. काका, पाकिटं नकोत, पण पुस्तक साडेनऊला हवं, दहाला नाही.

मोठ्या गटाच्या ताई, आखणीबद्दल आपण फोनवर बोलू. मी भूतकाळ ‘शिकवत’ नाही, पण मुलांनी तो काढला तर थांबवणारही नाही.

---

प्रेषक: लहान गटाची ताई
रविवार, रात्र

पान ११चं विचारलं होतंत म्हणून सांगते.

५व्या पानानंतर मागचं चित्र झाकून ‘मघाशी छत्री कोणी ओढली?’ विचारलं. चौघांनी ‘वारा’, दोघांनी ‘वाराने’ म्हटलं. मी ‘हो, वाऱ्याने ओढली’ म्हणून पुढे गेले. ८व्या पानापर्यंत ‘मांजरीने’ सगळ्यांच्या तोंडी होतं, ते सोपंच आहे. ११व्या पानावर चित्रात बाकावर छत्री आणि कडेला फक्त शेपटी. मी काही विचारायच्या आधीच सगळ्यात लहान मुलगी उठून पुस्तकाजवळ आली, शेपटीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘अरे, तू विसरलास!’

उंदराशीच बोलली ती. ‘विसरलास’मधल्या ‘स’सकट. तिच्या शेजारचा लगेच म्हणाला, ‘उंदराने विसरली.’ मी एवढंच म्हटलं, ‘हो, विसरला बिचारा.’ आणि पान उलटलं. १२वर दोघंही ‘विसरला, विसरला’ करत होते.

काका, पुस्तक माझ्याकडेच आहे, पुढच्या रविवारीही हेच घेणार. टिमूकचं चित्र मला अजून आलेलं नाही.