मदत हवी: साइटवरून प्लॅनिंगकडे जायचंय, पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) करू की आधी प्रायमाव्हेरा (शेड्यूल बनवायचं सॉफ्टवेअर) शिकू?

नमस्कार मंडळी, मी जळगावचा, डिप्लोमा सिव्हिल, नऊ वर्षं साइटवर. सध्या चोपडा-यावल पट्ट्यात पाण्याच्या पाइपलाइनचं काम बघतोय. कार्डावर प्रोजेक्ट इंजिनियर, प्रत्यक्षात डिझेलपासून सरपंचांच्या चहापर्यंत सगळं आपणच.

झालं असं की हेड ऑफिसातून कामाच्या वेळापत्रकाचा बार चार्ट आला, त्यात अख्खा मार्च रोज ३०० मीटर पाइप लेइंग धरलेलं. आता आपली पावरा आदिवासी मजूर मंडळी होळीआधी भोंगऱ्याच्या बाजाराला सातपुड्यात गेली की पंधरा दिवस फोन लागत नाही हे इथल्या टपरीवाल्याला पण माहितीये, मी ग्रुपवर टाकलं पण होतं, साहेबांनी अंगठा दिला आणि विषय संपला. दोन गँग होत्या, उरलो मी आणि जेसीबीवाला. मग रोड क्रॉसिंगची परवानगी अडकली, तेवढ्यात जून लागला, काळ्या मातीत सकाळी चर खोदला की दुपारच्या पावसात दोन्ही बाजू आत. रिव्ह्यूला स्क्रीनवर काम मागे पडल्याचा लाल पट्टा, आणि मला विचारतात तुमचं प्लॅनिंग कुठे चुकलं. अहो, प्लॅनिंग माझं होतंच कुठे!

म्हणून वाटतंय आता कागद हातात पाहिजे. पीएमपीची फी बघून घरी अजून सांगितलेलं नाही. इथे जळगावात राहून त्याचा उपयोग होतो का? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालवलेल्या कामाचा अनुभव अर्जात दाखवायचा कसा? कोणी केलं असेल तर खरं सांगा भो, क्लासवाल्यांनी डीएम करू नये.

उत्तर १: भाऊ, मी धुळ्याचा, सोलरच्या कामावर असताना केलं. डिप्लोमावर ५ वर्षं प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव लागतो, डिग्रीवाल्याला ३, वर ३५ तासांचं ट्रेनिंग. अर्ज ऑडिटला निघाला तर तुमच्या साहेबांची सही लागेल, म्हणून आत्ता भांडू नका. पेपरचा मोठा भाग अजाइल-हायब्रिडचा (प्लॅन टप्प्याटप्प्याने बदलत काम करायच्या पद्धती), तो साइटवाल्याला डोक्यावरून जातो. पास झाल्यावरही दर ३ वर्षांनी ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे पॉइंट) भरावे लागतात. दुसरी नोकरी शोधायची असेल तर करा, पण लाल पट्टा त्याने जाणार नाही. आधी एमएस प्रोजेक्ट घ्या, तेही शेड्यूलचंच सॉफ्टवेअर, कॅलेंडरमध्ये होळीचे पंधरा दिवस सुट्टी टाका आणि शेवटची तारीख कुठे सरकते ते साहेबांना मेल करा, ग्रुपवर नाही. परवानगी अडकली त्याची हिंड्रन्स रजिस्टरला (काम कशाने अडलं त्याची वही) तारखेसकट नोंद आणि क्लायंटची सही आहे ना? मुदतवाढ मागताना तेच कामाला येतं.

धागाकर्ता: रजिस्टर आहे. कपाटात आहे. कोरं आहे.

उत्तर १: मग पीएमपी नंतर. आज रात्री मोबाइलमधले फोटो तारखेने लावायला बसा, आणि पुढची नोंद उद्यापासून.