मागच्या टायरची हवा ४ दिवसात बसते, पंक्चर काय सापडंना

गोडोलीकर_१५०
नमस्कार मंडळी, जरा डोकं लावा हिकडं. गाडी १५० सीसी, अलॉय व्हील, दोन्ही टायर ट्यूबलेस. महिना झाला मागच्या चाकाची हवा बसतीय, एकदम नाय, हळूहळू. २९ पीएसआय भरली की चौथ्या दिवशी २०-२१. दोन पंक्चरवाल्यांना दाखवलं, एकानं नुसतं फिरवून बघितलं आन म्हणला खिळा नाय, दुसऱ्यानं चाक काढून टाकीत बुडवलं, दोघं पाच मिनिटं वाकून बसलो, एक बुडबुडा नाय. ५० रुपये घेतले आणि म्हणला हवा कमी भरली असंल तुमी. काय बोलायचं.
एक गंमत सांगतो, मधे आठवडाभर यष्टीनं गावाला गेलेलो, गाडी घरातच उभी. आल्यावर मोजली तर २७. म्हंजे उभ्या गाडीची जेमतेम २ गेली. पण सातारा-कराड अपडाऊन सुरू झालं की हमखास उतरते. आता मेव्हणा म्हणतोय सीलंट (आतनं भोक बुजवणारं गोंदासारखं पाणी) ओत आणि गप बस, ऑफिसातला एक म्हणतोय टायरच बदल. टायर ३ वर्षाचा हाय, ग्रिप चांगली हाय, उगं अडीच-तीन हजार घालवायचं जिवावर येतंय.

मिरजेचा_रायडर
भावा टायर बदलू नको लगेच. आधी वॉलमधली पिन बघ, म्हणजे हवा भरायच्या रबरी नळीत हवा अडवणारी असते ती. टोपण काढ, बोटानं थुंकी लाव वॉलच्या तोंडाला (हसू नको, सगळे पंक्चरवाले हेच करतात) आणि मिनिटभर थांब. फुगा आला तर पिन लीक. बारीक वाळूचा कण अडकला तरी पिन नीट बसत नाही, त्यात आपल्याकडं ऊसाच्या हंगामात रस्त्यावर धुरळा किती असतो माहितीय, आणि निम्म्या गाड्यांना टोपणच नसतं. पिन १०-२० रुपयाला मिळते, कारची आणि बाईकची सारखीच असते, घट्ट करायची पण हाताच्या जोरानं, पिळून काढायची नाही.
सीलंटबद्दल माझं मत वाईट आहे. माझ्या भावानं टाकलं, पिनमधेच गोंद जमला, मग हवा भरता येईना आणि मोजता पण येईना, शेवटी टायर उघडला तर आत सगळा चिखल, मेकॅनिकनं धुवायचे वेगळे पैसे घेतले.

कृष्णाकाठ
पिन असती तर टाकीत बुडबुडे दिसले असते की राव, चाक सगळं बुडवलंय त्यानं. माझ्या मते रिमची कड. टायरची कड रिमला जिथं घट्ट बसते तिथं अलॉयचा रंग उडून पांढरी भुकटी धरते, त्यातनं हवा एवढी बारीक जाते की टाकीतलं पाणी गढूळ असलं तर दिसत पण नाही. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू झाल्यापासनं त्या डायव्हर्शनवर रिम आपटत्यात नुसत्या, तुझं अपडाऊन त्यातच, एकदा चाक फिरवून रिम वाकलीय का पण बघ. घरी बघायचं तर मेन स्टँडवर लाव, हवा जरा जास्त भर, ३५ पर्यंत, नंतर आठवणीनं कमी कर. भांड्याचा साबण पाण्यात कालवून ब्रशनं दोन्ही बाजूच्या कडेला लाव आणि चहा पिऊन ये. लगेच बघायला गेलास तर काय दिसणार नाही, दहा मिनिटांनी मोहरीएवढा पांढरा फेस दिसंल. माझ्या गाडीला तसंच सापडलं, टायर उतरवून कड पॉलिश पेपरनं घासली, परत बसवला, दोन वर्षं झाली काय त्रास नाही.

जुना_फिटर_सांगली
गोडोलीकर, तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय आणि कुणी वाचलं नाही. उभ्या गाडीची जात नाही, चालत्या गाडीची जाते. रिमची कड गळत असेल तर ती उभ्या गाडीत पण गळते, रात्रंदिवस. चालतानाच जास्त जाते म्हणजे जे काही आहे ते हलल्यावर उघडतंय. अशा दोन गोष्टी. एक, बारीक तार किंवा बाभळीचा काटा ग्रिपच्या खाचेत मोडून बसलेला, तो रस्त्यावर दाबला गेला की हवा सोडतो. दुसरी, आणि मला जास्त संशय हिचाच, रबरी वॉलचा बुडखा. रिमच्या भोकाजवळ रबराला चीर पडते, वॉल सरळ असला की चीर मिटलेली, खड्ड्यात हादरा बसला किंवा वॉल वाकला की उघडते. म्हणून टाकीत बुडबुडा आला नाही.
आता टायर ३ वर्षाचा म्हणताय, पण टायर बदलला तेव्हा वॉल बदलला होता का? बहुतेक नाही. दुकानदार पैसे वाचवून दिल्यासारखं करतो आणि जुनाच वॉल ठेवतो. त्यात पंपावरची पोरं हवेची नळी आडवी ओढून काढतात, दर वेळी वॉल त्याच बाजूला वाकतो.
करून बघा: बुडख्याला साबणाचं पाणी लावा आणि वॉल बोटानं चारी बाजूंना हळू वाकवा. जोरात नको, आधीच चिरलेला असला तर हातात येईल. तसं निघालं तर हायवेला जाऊ नका, कारण पंक्चरची हवा हळू जाते, वॉल तुटला तर एका दमात जाते, आणि मागचं चाक ८० च्या स्पीडला बसलं की गाडी सापासारखी चालते.

माणदेशी_थंपर
मधेच विचारतो, माझी स्पोकची गाडी, ट्यूबवाली, तीन ट्यूब बदलल्या तरी तेच. ट्यूबवाल्याला पण हे वॉलचं लागू हाय का?

जुना_फिटर_सांगली
तुमची वेगळी कथा आहे. जुन्या ट्यूबा टाकून दिल्या नसतील तर भोक कुठल्या बाजूला आहे ते बघा. रिमच्या बाजूला असेल तर आतली रबरी पट्टी सरकलीय आणि स्पोकचं टोक टोचतंय. टायरच्या बाजूला आणि दर वेळी त्याच जागी असेल तर टायरच्या आत काटा तसाच आहे, फडकं फिरवून शोधा, बोट फिरवाल तर रक्त निघेल. वॉलच्या मुळाशी फाटलं असेल तर हवा कमी असताना गाडी चालवली, टायर रिमवर सरकला आणि ट्यूब ओढली गेली.

मिरजेचा_रायडर
अजून एक, हवा सकाळी गाडी चालवायच्या आधी मोजा सगळ्यांनी. कराडहून आल्या आल्या गरम टायरची मोजली तर २-३ पीएसआय जास्तच दाखवते, मग दुसऱ्या दिवशी वाटतं हवा गेली. आणि मीटर एकच ठेवा, दोन पंपांचे दोन मीटर कधी जुळत नाहीत.

गोडोलीकर_१५०
अपडेट. फिटर काका कुठं राहता सांगा, कंदी पेढे घेऊन येतो.
रविवारी सकाळी आधी रिमची कड बघितली, काय नाय. थुंकीचा प्रयोग केला, बायको दारातनं बघत होती, तिला समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली. पिन ओके. मग वॉलच्या बुडख्याला फेस लावून डाव्या बाजूला वाकवला, काय नाय, उजव्या बाजूला वाकवला आन फस्सकन फेस उडाला. सोडला की बंद. परत वाकवला की परत. एवढ्यासाठी महिनाभर हवा भरत फिरत होतो.
गाडी हळूहळू जवळच्या गॅरेजला नेली. टायरची एक कड उतरवून वॉल काढला, पलीकडच्या बाजूनं रबर निम्म्याहून जास्त चिरलेलं. त्यावर मी रोज ५० किलोमीटर जाऊन ५० येत होतो. वॉल ८० आणि मजुरी १५०, चाक परत साबणपाण्यानं तपासून घेतलं. आज ९ वा दिवस, २९ ची २८.५ आहे.

कृष्णाकाठ
माझा अंदाज चुकला, मान्य. पुढचा वॉल पण त्याच वयाचा असणार, बघितला का?

गोडोलीकर_१५०
बघितला. वाकवल्यावर हवा जात नाय पण मुळाशी बारीक भेगा दिसत्यात. शनिवारी तो पण बदलतोय, आणि आता पंपावर नळी मीच लावतो, पोरगं रागानं बघतं.