मदत हवी आहे: घरघंटीतून उडणारं पीठ आणि सासूबाईंचा दमा

घरघंटी घेऊन सहा महिने झाले. पीठ छान पडतं, तक्रार उडणाऱ्या धुळीची आहे. सासूबाईंना जुना दमा आहे. ज्या दिवशी दळण, त्या रात्री त्यांचा खोकला वाढतो. दोन महिने कॅलेंडरवर खुणा केल्या, योगायोग नाही. गव्हाचं खाल्लं तर त्यांना काही होत नाही, म्हणून पिठावर संशयच आला नव्हता. डॉक्टर म्हणाले, शिजवलेलं पोटात गेलं तर चालतं, पण तेच कोरडं पीठ श्वासातून गेलं की दमा उसळू शकतो, आणि तोही काही तासांनी.

धूळ नेमकी कुठून येते ते पाहायला घंटीभोवती काळं कापड अंथरलं. दळताना दाराच्या रबरापाशी बारीक रेघ उमटली, बाकी फारसं नाही. खरा थर बसला तो दळण संपल्यावर लगेच दार उघडलं तेव्हा, आणि कापडी फिल्टर झटकला तेव्हा. गहू ओततानाही धूळ उडते, पण आता आदल्या दिवशी बाहेर पाखडून, चाळून ठेवते.

एकदा फिल्टरवर दुसरं कापड चढवून पाहिलं. हवा कोंडली, रबरातून दुप्पट पीठ आलं आणि मोटर तापली. हा प्रयोग कोणी करू नका.

आता विचारायचंय ते हे: फिल्टर न झटकता साफ कसा करता? रबर सैल झालंय, तेवढंच बदलून मिळतं का? आणि घंटी बाल्कनीत हलवली तर पावसाळी दमटपणाने जाळी चोंदेल का?

प्रतिसाद:
ताई, घंटी बंद केल्यावर वीस मिनिटं दार उघडूच नका, पीठ खाली बसू द्या. फिल्टर जागेवरच ओल्या फडक्यात गुंडाळून काढा आणि थेट पाण्याच्या बादलीत बुडवा. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका, ओलसर कापडावर पिठाचा लगदा होतो. दोन फिल्टर आलटून पालटून वापरा. रबर सुटं मिळतं, मॉडेल नंबर सांगून मागवा. झाडू आणि पंखा नको, ओल्या फडक्याने पुसा. दळणाऱ्याने एन ९५ मास्क लावावा, आणि ते कपडे बदलूनच सासूबाईंजवळ जावं.

धागाकर्ती:
कपड्यांचं लक्षातच आलं नव्हतं! दळण आटोपलं की मी तशीच त्यांना चहा द्यायला जाते. बाल्कनीबद्दल कोणाला अनुभव असेल तर जरूर सांगा.