मदत हवी आहे: नळाच्या पाण्याचा जडपणा ४८०, सॉफ्टनर बसवू की आरओ?

हंडाकळशी
तालुक्याचं गाव, नगरपंचायतीचा नळ, चार दिवसांआड पाणी. फेब्रुवारीपर्यंत तलावाचं येतं, उन्हाळ्यात त्यात बोअरचं मिसळतात. साबणाला फेस नाही, तूरडाळ शिजत नाही, गिझरमध्ये पांढरे पापुद्रे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेचा मे महिन्यातला अहवाल (मिग्रॅ प्रति लिटर): टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ६९०, एकूण कठीणता (जडपणा) ४८०, कॅल्शियम ९६, मॅग्नेशियम ५८, अल्कता ३४०, क्लोराइड ११०, नायट्रेट ३८, फ्लोराइड ०.६. पीएच ७.६.
घरात पाच माणसं, गच्चीवर हजार लिटरची टाकी. एक दुकानदार म्हणतो, पूर्ण घराला सॉफ्टनर लावा, टीडीएस शंभरावर येईल. दुसरा पाइपला चुंबक लावायला सांगतो. काय करावं?

टाकीवाला
पहिल्या दुकानदाराला एवढंच विचारा की सॉफ्टनरमधून क्षार जातात कुठे. त्यातलं रेझिन (बारीक मणी) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. टीडीएस तेवढाच राहतो, किंचित वाढतोही. तुमच्या पाण्यात लिटरमागे साधारण २२० मिग्रॅ सोडियमची भर पडेल, म्हणून स्वयंपाकघराची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा. घरात कुणाला रक्तदाब असेल तर हे आवर्जून.

आता हिशोब. आंघोळ, गिझर आणि वॉशिंग मशिनला दिवसाला ४०० लिटर धरा. ४०० × ४८० म्हणजे रोज १९२ ग्रॅम कठीणता. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम धरतं, म्हणजे २५ लिटर रेझिनची टाकी साडेसहा दिवस चालेल. प्रत्यक्षात पाचव्या दिवशी मीठ द्या, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन धुऊन पुन्हा ताजं करा. लिटर रेझिनला १५० ग्रॅम, म्हणजे दर वेळी पावणेचार किलो मीठ, महिन्याला वीस-बावीस किलो. हा खर्च कुणी आधी सांगत नाही. मीठ स्वच्छ हवं. मातकट खडेमिठाने रेझिन चोंदतं.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे दाब. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तीन मीटर खाली आलं तर दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो मिळतो. सॉफ्टनरला किलोभर तरी लागतो, म्हणजे प्रेशर पंप आलाच. त्याशिवाय शॉवरला धार येणार नाही आणि बॅकवॉशही (उलट्या धारेने रेझिन धुणं) नीट होणार नाही.

चुंबकाने कठीणता एक मिलिग्रॅमनेही कमी होत नाही. पैसे वाचवा.

चुनखडी
अल्कता (मुख्यतः बायकार्बोनेट) ३४० आहे, म्हणजे ४८० पैकी ३४० तात्पुरती, उकळून जाणारी कठीणता. पाणी दहा मिनिटं उकळून निवळलं की १४० उरेल. मग सॉफ्टनर कशाला?

रसायनी
पुस्तकात बरोबर, पातेल्यात नाही. उकळल्यावर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, पण मॅग्नेशियम कार्बोनेट बऱ्यापैकी विरघळलेलंच राहतं. ९६ मिग्रॅ कॅल्शियम म्हणजे २४० कठीणता आणि ५८ मॅग्नेशियम म्हणजे दुसरी २४०. उकळून फार तर कॅल्शियमची बहुतेक जाईल, २५०च्या खाली उतरणार नाही. शिवाय चारशे लिटर रोज कोण उकळणार?
तुरटीचं नाव अजून कुणी काढलं नाही, पण काढेल. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा नाही.

कॉइलबदल
गिझरपुरतं सांगतो. थर्मोस्टॅट ५० अंशांवर ठेवा. ७० वर ठेवून बादलीत गार पाणी मिसळायची सवय असते, तिथेच थर जास्त बसतो.
साफसफाई: एमसीबी बंद, इनलेट बंद, गरम नळ उघडून टाकी रिकामी. फ्लँजचे (कॉइल बसवलेल्या झाकणाचे) नट सोडवून कॉइल बाहेर काढा. प्लॅस्टिकच्या बादलीत दोन लिटर गरम पाणी आणि १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड (किराण्यात लिंबूसत्त्व) घेऊन दोन-तीन तास फक्त कॉइलचा भाग बुडवा, वायरची टोकं वर ठेवा. सुरीने खरवडू नका. संडास साफ करायचं अॅसिड तर मुळीच नको, ते तांब्याला आणि स्टीलला खातं. टाकीच्या तळाचा चुरा हाताने काढा. मॅग्नेशियमचा रॉड पेन्सिलीएवढा उरला असेल तर बदला, तो झिजतो म्हणून टाकी टिकते. गॅस्केट दर वेळी नवं. शेवटी गरम नळातून सलग धार येईपर्यंत स्विच लावू नका, कोरडी कॉइल मिनिटात जळते.

हंडाकळशी
आभार. मग प्यायला आरओ घ्यायचाच का? जड पाण्याने मुतखडा होतो म्हणतात.

रसायनी
भारतीय मानक १०५०० नुसार कठीणता २००पर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणतेसाठी आरोग्यावर आधारलेली मर्यादाच ठरवलेली नाही. मला तुमच्या अहवालात खुपतं ते नायट्रेट. मर्यादा ४५, त्यात सवलत नाही, आणि तुमचं ३८ आहे. हे सांडपाण्याचं किंवा खताचं लक्षण. उकळून ते जात नाही, पाणी आटतं तसं वाढतं. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या दुधाला हे पाणी नको. आरओ घ्यायचा तर या कारणासाठी घ्या. डाळही आरओच्या पाण्यात शिजवा, कॅल्शियममुळेच ती टणक राहते.
आरओतून वाया म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते फरशीला, संडासला वापरा, कुंड्यांना रोज नको.

टाकीवाला
चार दिवसांआड पाणी म्हणजे रिकाम्या पाइपात गटाराचं पाणी ओढलं जायची भीती. पहिली पाच मिनिटं टाकीत घेऊ नका. नगरपंचायतीत ओटी टेस्ट (पाण्यात उरलेल्या क्लोरीनची चाचणी) मागा, नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिग्रॅ क्लोरीन दिसायला हवं. टाकीत साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं, म्हणून एच-टू-एसची (मैल्यातले जंतू ओळखायच्या चाचणीची) बाटलीही भरून ठेवा. २४ ते ४८ तासांत काळी पडली तर पाण्यात मैला आहे. मग आधी तो बंदोबस्त, सॉफ्टनर नंतर.

हंडाकळशी
सॉफ्टनर घेतला तर रेझिन संपलं हे कसं कळेल? टीडीएस मीटर आहे घरात.

कॉइलबदल
मीटरला कळणार नाही, आकडा आधी-नंतर सारखाच दिसेल. थेंब मोजायचं हार्डनेस किट घ्या. पाण्याचा नमुना लाल होतो, तो निळा होईपर्यंत थेंब टाकायचे. सॉफ्टनरनंतरच्या नळावर थेंब वाढू लागले की मीठ द्या. आणि ते मिठाचं पाणी गटारातच सोडा, परसातल्या काळ्या मातीत गेलं तर ती दगडासारखी होते.