इंग्रजी व्याकरणाशी पहिली झटापट: तुमचे अनुभव लिहा

गंगावेशकर
काल सातवीतली पोरगी पुस्तक घेऊन आली. "बाबा, सिमिली म्हणजे काय?" छाती फुगवून सांगितलं, वाक्यात लाइक नाहीतर ॲज दिसलं की सिमिली. लगेच म्हणते, "आय लाइक मिसळ. ही पण सिमिली?" गप्पच बसलो.

त्यावरनं आमचं आठवलं. आमच्या वेळी पाचवीत पहिल्यांदा ए बी सी डी बघितली. (२००० पासनं पहिलीला इंग्रजी आलं, तोवर आम्ही सुटलो होतो.) गुरुजी म्हणाले, ही-शी-इट आलं की क्रियापदाला एस लावायचा. मी मन लावून लावला. शी गोज, दे गोज, आय गोज. भूतकाळात तर शी वेंट्स! वही अजून माळ्यावर असंल. तुमचं काय? लिहा.

चहाबाज
आय लाइक मिसळ 😂😂 कुठली ते विचारलंस का आधी?

आठवीची आई
पोळ्या करता करता लिहितेय. आमच्यात अ आणि ॲनवरून रोज भांडण. लेकाचं म्हणणं, यू स्वर आहे, मग ॲन युनिव्हर्सिटी का नाही? मला सांगता येईना. सासूबाई लसूण सोलत बसलेल्या, इंग्रजीचा गंध नाही. म्हणाल्या, "आरं, म्हणून बघ की. तोंडात आधी य येतोय का उ?" झालं! अक्षर बघायचंच नाही, आवाज ऐकायचा. म्हणून ॲन अवर आणि अ युनिव्हर्सिटी. कुकर झाला, आले.

चहाबाज
आजींना शिकवणीला ठेवा, फी आम्ही देतो

शिकवणीवाला
राजारामपुरीत बरीच वर्षं शिकवण्या घेतल्या. एसवरनं पोरांना बोल लावू नका. मराठीत मी खातो, तू खातोस, ती खाते, सगळ्यांचं क्रियापद बदलतं. इंग्रजीत एकट्या तिसऱ्यालाच एस, बाकी सगळे कोरडे. म्हणून तो निसटतो. त्यात नकार आला की एस उडी मारून डझवर जाऊन बसतो, शी डझन्ट गो. पोरं दोन्हीकडं लावतात, "डझन्ट गोज". दर वर्षी, न चुकता. भूतकाळ मात्र सोपा पडतो. आपल्यात आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. त्यांच्यात काय पण खा, एट म्हणजे एट.

लवंगी
आणि आपल्या कोल्हापूरच्या बायका "मी आलो, मी जेवलो" म्हणतात त्याला पुण्यात हसतात. इंग्रजीत आय केम, बाई असो का बाप्या. म्हणजे इंग्रजी आपल्याच वळणाची की!
"काय करालाईस? जेवालोय" हे प्रेझेंट कंटिन्युअस, हे मला कॉलेजात कळलं 🙈

तालीमवाला
आमच्या सरांची उदाहरणं सगळी खासबागेतल्या कुस्ती मैदानातली. पैलवान सिंहासारखा लढला, सिमिली. पैलवान सिंहच आहे, मेटाफर. म्हणजे मराठीच्या तासाला घोकलेली उपमा आणि रूपक! दोन्ही तास एका मागोमाग एक असायचे, पण तेच ते आहे हे कुणी सांगितलं नाही.

चहाबाज
आणि जगात भारी कोल्हापुरी = हायपर्बली, म्हणजे अतिशयोक्ती
(मी दहावीपर्यंत हायपरबोल वाचायचो)

तालीमवाला
ते हायपर्बली नाही भावा, ते खरंच आहे

लवंगी
राजाराम बंधारा पाण्याखाली गेला का? इकडं सकाळपासनं पाऊस थांबंना

तालीमवाला
पहाटेच गेला म्हणालेत. गाडी तिकडनं घालू नको

शिकवणीवाला
हेच इंग्रजीत लिहायला लावा पोरांना. "द रिव्हर स्वॉलोड द बंधारा". नदीनं गिळला, म्हणजे पर्सॉनिफिकेशन. आपली चेतनगुणोक्ती.

गंगावेशकर
पोरीनं आत्ता गृहपाठ दाखवला. "माय फादर इज लाइक डिक्शनरी." सिमिली बरोबर आहे. मधला अ राहिलाय. सांगू का?

आठवीची आई
डिक्शनरी म्हणाली न्हवं? मग गप बसा.