काही मेल येतात, काही गायब: छोट्या ऑफिसच्या मेल सर्व्हरबद्दल सल्ला हवा

ऑफिसचा_हमाल
मंडळी, मदत हवी आहे. छोटं ऑफिस, स्वतःचं डोमेन, भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हर) डेबियन लिनक्स, त्यावर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा) आणि डोव्हकॉट (खात्यातले मेल वापरणाऱ्याला दाखवणारा). आम्ही पाठवलेले मेल व्यवस्थित पोचतात, येणाऱ्यांचं मात्र काही खरं नाही. ग्राहक म्हणतो सकाळीच पाठवलंय, आमच्याकडे दुपारपर्यंत पत्ता नाही. हिशोबाच्या खात्यात तर काही बिलं आलीच नाहीत, आणि पाठवणाऱ्याकडे परतही गेली नाहीत. स्पॅम फोल्डर उपसून झालं. साहेब म्हणतात, हे बंद करा आणि महिन्याच्या भाड्याची तयार सेवा घ्या. घ्यावी का? की आधी काही तपासण्यासारखं आहे?

साधा_वापरकर्ता
एसपीएफ, डीकिम, डीमार्क बघा. बहुतेक तिथेच घोळ असतो.

लॉगवाचक
ते तिन्ही तुमच्या डोमेनवरून जाणाऱ्या मेलची ओळख पटवायला असतात. ग्राहकाचा मेल तुमच्या एसपीएफमुळे अडणार नाही. मेलचं काहीही बिघडलं की एसपीएफ सुचवायची पद्धतच पडली आहे.

हमाल, आत्ता एकही सेटिंग बदलू नका. आधी एवढंच ठरवा की हरवलेला मेल तुमच्या सर्व्हरच्या दारापर्यंत आला होता की नाही. एखाद्या ग्राहकाकडून त्याचा नेमका पत्ता आणि पाठवल्याची वेळ घ्या आणि मेल लॉगमध्ये शोधा. विषयावरून शोधू नका, पोस्टफिक्स तो मुळात नोंदवत नाही. पत्ता सापडला की त्या ओळीतला क्यू आयडी (त्या मेलचा रांगेतला क्रमांक) धरून पुढच्या ओळी वाचा. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे "आत्ता नको, नंतर ये", ५ ने सुरू होणारा म्हणजे साफ नकार. "स्टेटस=सेंट" दिसलं तर सर्व्हरने त्याचं काम केलंय, चोर आत आहे.

पत्ता लॉगमध्ये कुठेच नसेल तर डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नोंदी, बघा. जुन्या होस्टिंगचा एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे ती नोंद) उरलाय का? आणि जुन्या होस्टिंगवाल्याकडे तुमचं डोमेन अजून "स्थानिक" म्हणून नोंदलेलं असेल, तर त्याच सर्व्हरवरचे इतर ग्राहक तुम्हाला मेल करतात तेव्हा तो मेल एमएक्स न बघताच तुमच्या जुन्या, बेवारस खात्यात जाऊन पडतो. वेबसाइटच्या चौकशी फॉर्मचे मेल असेच गडप होतात.

रात्रपाळी
+१. दोन गोष्टी माझ्याकडून. ग्रेलिस्टिंग (अनोळखी सर्व्हरला आधी "नंतर ये" सांगणं) चालू असेल तर मोठ्या कंपन्यांचे मेल रखडतात. ते प्रत्येक वेळी वेगळ्या आयपीवरून येतात आणि तुमचा सर्व्हर प्रत्येकाला नवखा समजून परत पाठवतो. ओटीपीचे मेल तर मुदत संपल्यावर येतात.

दुसरं, स्पॅमहाउसची (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची) यादी वापरत असाल तर सर्व्हरचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा) गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८ नाही ना ते बघा. सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारलं की ते १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतात. तो खरं तर "विचारण्यात चूक आहे" सांगणारा कोड, पण पोस्टफिक्सला उत्तराचे आकडे ठरवून दिले नसतील तर तो त्याचा अर्थ "यादीत आहे" असा लावतो आणि चांगले मेलही नाकारतो. सर्व्हरवर अनबाउंड, म्हणजे स्वतःचा रिझॉल्व्हर, बसवा, प्रश्न मिटतो.

ऑफिसचा_हमाल
लॉग बघितला. उशिरा आलेल्या मेलसमोर सगळीकडे एकच, "४५२ ४.३.१ इनसफिशियंट सिस्टम स्टोरेज". पण डिस्कवर जागा आहे हो! आत्ता बघितलं, निम्मी रिकामी आहे.
हिशोबाच्या बिलांसमोर मात्र "स्टेटस=सेंट".

लॉगवाचक
म्हणजे लक्षण एक, दुखणी दोन.

४५२ चं: जागा आत्ता आहे, तेव्हा नव्हती. बॅकअप त्याच डिस्कवर बनतो का? मेल क्यूच्या डिस्कवर कमाल मेल आकाराच्या दीडपट तरी जागा मोकळी नसेल तर पोस्टफिक्स नवीन मेल घेतच नाही. मर्यादा ५० एमबी ठेवली असेल तर ७५ एमबी लागेल. नकार तात्पुरता असतो, म्हणून पाठवणारा सर्व्हर गुपचूप पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. तिकडेही पोस्टफिक्स असेल तर तो मुळात ५ दिवस थांबतो आणि "उशीर होतोय" अशी सूचनाही आपणहून पाठवत नाही. ग्राहकाला परत काही का आलं नाही, ते आता कळलं असेल.

बिलांचं: डोव्हकॉटच्या लॉगमध्ये त्या खात्याच्या पॉप३ च्या (मेल संगणकावर उतरवून घ्यायची पद्धत) ओळी शोधा आणि शेवटी "डेल=" पुढचा आकडा बघा, तेवढे मेल सर्व्हरवरून पुसले गेलेत.

ऑफिसचा_हमाल
बॅकअपचं बरोबर निघालं. पहाटे सुरू होतो, बाहेर कॉपी होईपर्यंत गठ्ठा तिथेच पडून असतो. पॉप३ पण सापडलं, "डेल=३/३", आणि आयपी आमच्याच ऑफिसचा! कपाटाशेजारचा जुना लॅपटॉप टॅली साठी चालू करतात, त्यात हिशोबाचं खातं पॉपवर आहे. बाकीचे काम झालेले मेल फोल्डरमध्ये हलवतात, म्हणून इनबॉक्समध्ये उरलेलं तेवढंच तो उचलून नेतो.

साहेबांना तयार सेवेबद्दल काय सांगू?

रात्रपाळी
डिस्क, अपडेट, सर्टिफिकेट बघायला कोणी माणूस नसेल तर खुशाल घ्या, त्यात कमीपणा नाही. पण या बिलांसाठी घेऊ नका. पॉप चालू राहिलं तर तो लॅपटॉप तिथूनही मेल उचलेल. इथेच राहणार असाल तर बॅकअप वेगळ्या डिस्कवर न्या, डिस्क ८० टक्के भरली की इशारा येईल असं करा आणि पीफ्लॉगसम बसवा. नाकारलेल्या मेलचा गोषवारा रोज मिळतो.

लॉगवाचक
आणि तो लॅपटॉप फॉरमॅट करू नका! बिलं त्याच्या मेल प्रोग्रॅममध्येच आहेत. आधी नेट काढा, पॉपच्या खात्यात "सर्व्हरवर प्रत ठेवा" वर खूण करा, मग नेट जोडून तेच खाते आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवणारी पद्धत) दुसऱ्यांदा जोडा आणि मेल निवडून आयमॅपच्या एखाद्या फोल्डरमध्ये कॉपी करा. इनबॉक्समध्ये नको. सगळे वेबमेलवर दिसले की मगच पॉपचं खाते काढा.